पन्नासची लेन्स आणि सत्तारभाईंचा नाडा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते साचतात. माझ्या काउंटरखाली पत्र्याचा एक डबा आहे. लोकांनी न नेलेले पासपोर्ट फोटो त्यात पडलेले असतात. कुणाचं काम आधीच झालं, कुणाचं फिसकटलं, कुणी दोन नेले आणि बाकीचे विसरला. फेकून द्यायला माझा हात धजत नाही. अन् एक दिवस झाकण लावायला जावं तर झाकणच लागत नाही! किस्स्यांचंही तसंच झालंय. म्हटलं, थोडे तुमच्यासमोर ओतावेत.

माझं दुकान आखाडा बाळापूरला. लग्न, बारसं, वाढदिवसाचे बॅनर, आणि हार घालून भिंतीवर लावायचे फोटो. लग्नाला तिथी लागते, या शेवटच्या कामाला लागत नाही.

आमचं टोळकं तिघांचं. सत्तारभाई आमच्यात वडीलधारे. वारंगा फाट्यावर त्यांचं दुकान आहे, अर्ध्यात शिलाई मशीन आणि अर्ध्यात पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा. मूळचे टेलर, त्यामुळं फोटो काढतानाही गळ्यात टेप असतोच. दुसरा दिगंबर, पुसेगावचा, वयानं आमच्यापेक्षा बराच लहान. त्याचं व्हिडिओ आणि ड्रोनचं काम. "फोटो म्हंजे बंद पडलेला व्हिडिओ," असं माझ्या तोंडावर म्हणतो. दर मंगळवारी तो अल्बमच्या छपाईसाठी नांदेडला जातो. वाटेत मला बाळापूरला उचलतो आणि मग तिघं सत्तारभाईंच्या दुकानात चहा पितो.

माझा स्वभावही सांगून ठेवतो. मला राग लवकर येतो आणि निर्णय उशिरा. पुढं जे झालं ते त्या उशिरामुळं झालं.

*

हारवाल्या फोटोचं बिंग आधी फोडतो.

घरचे लोक आमच्याकडं फोटो आणतात तो कसला? लग्नाच्या गर्दीतला, नाहीतर आधार कार्डावरचा. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. मग आम्ही कॉम्प्युटरवर तेवढा चेहरा कापून घेतो आणि तयार कोटावर बसवतो. बाईमाणूस असेल तर तयार हिरव्या साडीवर. माझ्याकडं निळा कोट एकच होता, अन् तो मी वर्षानुवर्षं वापरत होतो.

एकदा सत्तारभाई दुकानात आले. तीन फ्रेमा तयार होऊन भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. भाई समोर उभे राहिले ते हलेचनात. मला वाटलं, ओळखीचं कुणी दिसलं असेल, मनातल्या मनात दुआ करून राहिले असतील. 

बऱ्याच वेळानं म्हणाले, "प्रल्हादभाऊ, ह्या कोटाचा डावा खांदा उतरलेला हाय."

"कोणत्या?"

"तिन्हीच्या!"

मी हसलो, पण भाई हसले नाहीत. म्हणाले, "आख्ख्या तालुक्याला तू एकाच कोटात वर पाठवून राहिला. आन् ह्या तिघांपैकी एकानं बी जित्तेपणी कोट शिवला न्हाई. मला इचार, मापं माझ्याकडं हाईत!"

*

पावसाळा सरत आला होता तेव्हा गयाबाई दुकानात आल्या. पुसेगावच्या. सोबत लेक सुनीता होती.

गयाबाईंचा मुलगा गजानन टेम्पो चालवायचा. लग्न व्हायचं होतं त्याचं. हायवेवर गेला. मोबाईल त्याच्या खिशात होता, तोही गेला. सगळ्यांचे फोटो हाच काढायचा, त्यामुळं याचा कुणाकडं नाही. सुनीता म्हणाली, "तुमीच काढलेला हाय एक. बाळापूरच्या लग्नातला."

मी कॉम्प्युटरवर शोधला. वऱ्हाडाचा ग्रुप फोटो. तिसऱ्या रांगेत, अगदी टोकाला, पुढच्याच्या फेट्याआड अर्धा झाकलेला गजानन. माझ्याकडं तेव्हा एकच लेन्स होती, कॅमेऱ्याबरोबर येते ती. गर्दी सगळी मावते तिच्यात, पण टोकाचा माणूस ज्वारीच्या दाण्याएवढा येतो. तो दाणा मी ताणून ताणून मोठा केला. जिथं फुटला तिथं रंग भरला, फेट्यानं खाल्लेला गाल दुसऱ्या गालावरून उचलून लावला, आणि खाली निळा कोट.

गयाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग हातभर लांब धरला, मग पुन्हा जवळ नेला. मी उभाच. नंतर काउंटरवर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "बापू, हा कोन्हाचा बी चालल."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाद घालता येतो, मी घातला असता. कान तापले माझे. ग्रुप फोटो काढताना 'टोकाचे जरा आत या' एवढं म्हणायला मला काय झालं होतं?

सुनीता म्हणाली, "दादाचं तोंड मायसारखंच होतं. नाक, भुवया, हनुवटीचा खळगा, सगळं."

"व्हय," गयाबाई म्हणाल्या. "माझा नीट काढ मंग. म्हंजे तेच्यात तो दिसल मला. पर बिगी काढ. डॉक्टर म्हनला काचबिंदू हाय. जाऊन राहिली नजर, आन् गेलेली परत येत न्हाई म्हने."

*

मी म्हटलं, आत्ताच काढतो. त्यात काय!

स्टुडिओत बसवलं, फ्लॅश मारला. डोळे मिटलेले. पुन्हा मारला, पुन्हा मिटलेले. उजेड त्या डोळ्यांना सोसतच नव्हता. सहा काढले, सहाही मिटलेले. सुनीतानं कॅमेऱ्यात पाहून सांगितलं तशा गयाबाई म्हणाल्या, "डोळे मिटलेला काहून काढतो? तसा तर पुढं काढतालच की!"

बाहेर उन्हात नेलं तर डोळ्यांना पाण्याची धार लागली. लिंबाच्या सावलीत नेलं तर तिथं उजेड कमी. कमी उजेडात माझी लेन्स सावकाश काम करते, आणि गयाबाईंची मान सारखी थरथरायची. मान हलली की फोटो हलला. शिवाय त्या लेन्समधून मागचं सगळं स्वच्छ यायचं. मागं शटर, शटरवर आमदाराचा फाटका बॅनर, बाजूला मोटारसायकल. अधू नजरेच्या माणसानं त्यात आपलं तोंड शोधायचं कुठं?

तेव्हा मी शब्द दिला. म्हटलं, "मावशी, मी दुसरी लेन्स घेतो. बिनफ्लॅशचा, सावलीतला, नुसता चेहरा उठून दिसेल असा काढतो. पुसेगावला घरी येऊन काढतो."

"लेन्स म्हंजे काय?"

"कॅमेऱ्याचा डोळा."

"तुझा बी डोळाच अधू म्हन की," त्या म्हणाल्या.

मी सुचवलं, तुमच्या गावात दिगंबर आहे, तोवर त्याच्याकडून एखादा काढून घ्या. गयाबाई उठल्या, पदर सारखा केला, आणि दाराकडं वळून म्हणाल्या, "न्हाई. ज्यानं गजूचं तोंड हरवलं त्यानंच माझं काढावं."

*

आता खरा घोळ सुरू झाला.

माझ्या पोरीची फी बाजूला काढून जे उरत होतं त्यात लेन्स एकच येणार होती. डोळ्यांसमोर दोन होत्या. एक पन्नासची, म्हणजे पन्नास एमएमची. लहानशी, स्वस्तातली, झूम होत नाही. पण कमी उजेडात चालते आणि चेहऱ्यामागचं सगळं धूसर करून टाकते. दुसरी लांब झूमची. मांडवाच्या दारातून नवरीचे डोळे टिपता येतात, आणि एवढी मोठी लेन्स बघितली की गिऱ्हाईक दोन शब्द कमी बोलतं.

गयाबाईंना पन्नासची हवी होती. माझ्या दुकानाला झूम. अन् मी सांगितलं ना, मला निर्णय उशिरा येतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर लेन्सचे व्हिडिओ बघायचो. व्हिडिओतला माणूस सांगायचा की पन्नासवर मागचा समुद्र कसा मऊ दिसतो! आमच्या इथं मागं सोयाबीनची पोती. पोती मऊ दिसतात का, ते कोणी सांगेना.

सत्तारभाई म्हणायचे, "पन्नास. तुला तोंड पाहिजे ना? मंग तोंडाची घे." दिगंबर म्हणायचा, "झूम घे दादा, हंगाम तोंडावर हाय." मी एका मंगळवारी याचं ऐकायचो, दुसऱ्या मंगळवारी त्याचं.

शेवटी दिगंबरनं कुणाची तरी झूम एका दिवसासाठी मागून आणली. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, बाळापुरात बार उडायला लागले होते. शाळेच्या मैदानावर शेजारी शेजारी दोन मांडव, एक माझा, एक कुणाचा तरी. झूमची गंमत अशी, की जवळचं काही मावत नाही. नवरीचा चेहरा घ्यायला गेलो तर नुसतं नाक! म्हणून मागं सरकलो. जोडी घ्यायची म्हणून आणखी मागं. दोन्हीकडचे आई-बाप घ्यायचे म्हणून डोळा कॅमेऱ्याला लावून सरकतोय, सरकतोय, तेवढ्यात कनात पाठीला लागली आणि मागून कुणीतरी दंडाला धरून खाली बसवलं.

"पाव्हणे, उभे काहून? बसा, बसा! वाढा रे इकडं!"

शेजारच्या मांडवाची पंगत! समोर पत्रावळ, पत्रावळीवर बुंदी. मी नाही नाही म्हणेपर्यंत वरण पडलं. भरल्या पंगतीतून उठणं बरं दिसत नाही, म्हणून चार घास खाल्ले. इकडं माझ्या मांडवात अक्षता पडून गेल्या. वाजंत्री थांबली तेव्हा मला कळलं.

दिगंबरच्या व्हिडिओत सगळं आलंय. मी मागं मागं जातो आणि कनातीतून नाहीसा होतो. पुढच्या मंगळवारी त्यानं तो सत्तारभाईंना तीनदा दाखवला आणि म्हणाला, "झूम भारी हाय भाई, फकस्त बाळापूर लहान पडून राहिलं!"

भाई डोळे पुसत हसत होते. मग दिगंबरनं मोबाईल खिशात टाकला आणि तसाच, चहा ढवळता ढवळता म्हणाला, "दादा, गयामावशी इचारून राहिली. चुलीतला जाळ दिसतो म्हने तिला, तव्यावरची भाकर दिसत न्हाई आता."

माझा चहा तसाच राहिला.

*

त्याच मंगळवारी मी दिगंबरसोबत नांदेडला गेलो. पन्नासचीच घ्यायची, संपलं!

दुकान मोठं, काचेचं. आत लग्नाच्या सीझनची खरेदी करणारी पोरं. प्रत्येकाच्या गळ्यात असा कॅमेरा की बघतच राहावं. माझा कॅमेरा पिशवीत, पिशवी पाठीमागं. रबर निघालेलं, त्याला चिकटपट्टी. दुकानदारानं नवी पन्नास दाखवली, ती आवाक्याबाहेर होती. मग आतून एक वापरलेली काढली, जुन्या पद्धतीची, काच एकदम साफ.

"आपके कॅमेरे पे लगा के देख लो," दुकानदार म्हणाला. बिचारा बराबर बोलला होता.

पण त्या सगळ्या पोरांसमोर तो चिकटपट्टीचा कॅमेरा बाहेर काढायला मला लाज वाटली. मी म्हणालो, "तुमच्याच कॅमेऱ्यावर दाखवा की." त्यानं आपल्या मोठ्या कॅमेऱ्यावर लावली. लगेच फोकस झाली. दिगंबर समोर उभा होता, त्याच्या पापणीचा केस न् केस दिसला. घेतली.

घरी येऊन माझ्या कॅमेऱ्यावर लावली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. लेन्स गप्प. दोन दिवस व्हिडिओ धुंडाळले तेव्हा उलगडा झाला. या जुन्या लेन्सच्या पोटात मोटरच नाही. ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर फिरते. दुकानदाराच्या मोठ्या कॅमेऱ्यात मोटर होती, माझ्या लहान कॅमेऱ्यात नाही. आता फोकस करायचा तर हातानं, डोळ्यांनी बघत. माझी चाळिशी लागून पाच वर्षं झालीत. चष्मा घातला तर कॅमेऱ्याला डोळा भिडत नाही, काढला तर आतलं बारीक दिसत नाही.

खोटं कशाला बोलू, रडू आलं मला. लेन्सचं नाही. लाजेपायी मी पिशवीची चेन उघडली नाही, त्याचं.

मंगळवारी सगळं सांगितल्यावर दिगंबर म्हणाला, "बरं झालं दादा, पैसे वाचले. आता डोळे खर्च कर."

*

सत्तारभाईंनी लेन्स हातात घेतली, तिच्यावरचे आकडे चष्म्यातून वाचले, आणि माझ्याकडं असं बघितलं जसं मी पँटचं कापड उलट्या बाजूनं कापलंय.

"फोकस म्हंजे काय रे? लेन्सपासून माणूस किती लांब, एवढंच ना? आन् लांबी मोजायला डोळे काहून लागतात?"

गळ्यातला टेप काढला. मला खुर्चीवर बसवलं. लेन्स थोडी फिरवायची, माझा फोटो काढायचा, बघायचा, पुन्हा थोडी फिरवायची. असं तासभर. एका जागी माझ्या भुवया लख्ख आल्या. तिथं भाईंनी लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टी लावून ते कडं पक्कं केलं. मग कॅमेऱ्यापासून माझ्या भुवयांच्या मधोमध टेप धरून माप घेतलं.

पण टेप घेऊन फिरणार कसं? भाईंनी खण उघडला आणि पायजम्याला घालतात तो पांढरा नाडा काढला. एक टोक कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीला बांधलं. दुसऱ्या बाजूला मापावर एक गाठ मारली.

"ही गाठ माणसानं भुवयांच्या मधी धरायची. नाडा ताठ झाला की फोकस झाला. मंग हात खाली, न् तू बटन दाब. लेन्सला हात लावायचा न्हाई. लेन्स हलवू नको, माणूस हलव!"

आणि काय सांगू, जमलं! दहातले आठ बराबर येत होते. पाठीमागचं शिलाई मशीन, हँगरला लावलेले शर्ट, सगळं विरघळून गेलेलं, आणि मधी भाईंचा चेहरा. एक एक पांढरा केस वेगळा.

दिगंबर बघून म्हणाला, "ह्या कॅमेऱ्याचा पायजमा कुठाय?" पण त्यानंही आपला एक काढून घेतला, आणि तोच आजपर्यंत त्याच्या मोबाईलवर आहे.

*

नाडा पक्का व्हायला भाईंनी तो लेन्ससकट आठवडाभर ठेवून घेतला. "धुतलेला नाडा आटतो, आधी धुवून वाळवून मंग पुन्यांदा मापतो," असं त्यांचं म्हणणं. टेलर तो टेलरच. मी घाई करत होतो, पण ते ऐकेनात.

त्या आठवड्यात त्यांनी एक फोटो काढला. भाई आणि भाभी हजला जायचा अर्ज भरणार होते. भाभींचा पासपोर्ट फोटो हवा होता. तो साध्या लेन्सनं काढून झाला. मग भाई म्हणाले, एक ह्या लेन्सनं काढतो, घरासाठी. भाभी काही राजी नव्हत्या. शेवटी बसल्या एकदाच्या. भाईंनी गाठ त्यांच्या कपाळाला लावली, नाडा ताठ केला आणि बघत राहिले. आधी माप बघत होते. मग नुसतेच बघत राहिले.

भाभी म्हणाल्या, "तीस बरस हो गए. इत्ते नजदीक से आज देखे तुम मेरे कू!"

हे मला भाईंनी स्वतः सांगितलं, मशीनवर बसल्या बसल्या, माझ्याकडं न बघता. "काढला का मंग फोटो?" मी विचारलं.

"न्हाई," भाई म्हणाले. "माझाच हात हलून राहिला."

*

पुसेगावला मी पुढच्या बुधवारी गेलो. दिगंबरच्या गाडीवर मागं बसून, कॅमेरा छातीशी धरून, नाडा खिशात.

घर रस्त्यापासून आत, पत्र्याचं. सुनीता अंगणात तूर पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवून उठली. दिगंबरनं हळूच विचारलं, "कसं हाय आता?"

"दिसत न्हाई," ती म्हणाली. "दार उघडं का बंद एवढं कळतं. बाकी काही न्हाई. दिवाळीत थोडं दिसत होतं."

दिवाळीत मी मोबाईलवर समुद्र बघत होतो.

गयाबाई आत बाजेवर बसल्या होत्या. पावलांवरून ओळखलं म्हणा, की दिगंबरच्या गाडीच्या आवाजावरून. "आला का लेन्सवाला?"

मी त्यांच्या पायाशी बसलो. म्हटलं, "मावशी, मला उशीर झाला. चुकलं माझं."

"झाला खरा," त्या म्हणाल्या. मग पदर डोक्यावर घेत, "आला तर काढ. मला न्हाई तर सुनीताला दिसल. तिचा बी भाऊच होता."

दाराच्या आत, उजेडाकडं तोंड करून सुनीतानं त्यांना खुर्चीवर बसवलं. तिथं मऊ उजेड येत होता, डोळ्यांना टोचणार नाही असा. मी नाडा काढला, कडीला बांधला आणि गाठीचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चाचपून बघितलं.

"नाडा हाय?"

"व्हय मावशी. माप घ्यायला. गाठ भुवयांच्या मधी धरा."

"गजू रांगता होता तवा मी शेतात निंदायला न्यायची तेला," त्या गाठ चाचपत म्हणाल्या. "असाच नाडा तेच्या कमरंला बांधायची. दुसरं टोक माझ्या पायाला. विहीर होती ना धुऱ्यावर, वावराच्या कडंला. तेनं वढलं की मला कळायचं, जागा हाय. सैल पडला की कळायचं, झोपलं लेकरू."

दिगंबर बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.

गयाबाईंनी गाठ कपाळाला लावली. मी सरकत सरकत मागं गेलो, नाडा ताठ झाला.

"दुसरं टोक कोन्हाकडं हाय?"

"माझ्याकडं, मावशी."

"बरं."

मी म्हटलं, आता हात खाली घ्या, हलू नका. त्यांनी हात खाली घेतला, पण गाठ सोडली नाही. छातीशी मुठीत घट्ट धरून ठेवली, नाडा ताठच. मला मानेची काळजी होती. बघितलं तर मान थरथरत नव्हती. दुकानात जी एक क्षण स्थिर राहिली नव्हती ती मान! मी बटण दाबलं. एकच काढला.

कॅमेरा तसाच हातात धरून मागची स्क्रीन सुनीताकडं वळवली. ती वाकून बघायला लागली. पाठीमागचा पत्रा, हंडे, बाज, सगळं पुसून गेलं होतं. रुंद कपाळ, जाड भुवया, हनुवटीचा खळगा, आणि उघडे डोळे. सुनीतानं पदराचा बोळा तोंडात धरला.

"काहून गप झाली गं?" गयाबाईंनी विचारलं. "डोळे मिटले का म्या?"

"न्हाई माय."

"मंग? कोन दिसून राहिलं?"

"दादा," ती म्हणाली.

गयाबाईंनी मान हलवली, बराबर झालं अशी. मी नाडा गुंडाळायला म्हणून पुढं पाऊल टाकलं. नाडा सैल पडला तशी त्यांनी मूठ मागं ओढून तो पुन्हा ताठ केला.

"मावशी, झाला फोटो. सोडा आता."

"झाला ना?" त्या म्हणाल्या. "मंग जरा धरून ठेव."